निळ्या सुतळीची गोणी

सोमवार, ६ जानेवारी

मला राज्यशास्त्र आवडायला लागलंय. आजपासून. अम्मी म्हणते, हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या दिवशी पण तू हेच म्हणालीस, फॅशन डिझाइनच्या पण. मग काय झालं, आवडलंच होतं की तेव्हा! नंतर नाही आवडलं, तो वेगळा विषय.

दुसऱ्या सत्रात नवीन पेपर आहे, ‘लोक आणि सत्ता’. शिकवायला उज्वला मॅडम. त्या वर्गात आल्या आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. एक शब्द नाही. पाच मिनिटं आम्ही खिदळलो, मग आपोआप गप्प झालो, मग राजवर्धन उठला आणि फळा पुसून परत बसला. मॅडमनी विचारलं, “तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “कुणीच नाही.” मॅडम म्हणाल्या, “हाच आपला विषय.” माझ्या अंगावर काटा! फळा पुसलेला बघून याआधी कधी काटा आला नव्हता.

प्रकल्प असा: जिथे माणसं काम करतात अशी एक जागा निवडायची, तीन आठवडे बघायचं. कागदावर मोठा कोण आणि खरा मोठा कोण, ते शोधायचं. ३१ तारखेला लिहून द्यायचं. यात शून्य पडलं तर कोर्समधून बाहेर.

जेवताना अब्बांना सांगितलं. अब्बा माशाचा काटा काढत म्हणाले, “नूरीन, हा तिसरा कोर्स. हा पण सोडलास तर एक तारखेपासून माझ्याबरोबर द्रोणागिरीला.” तिथे अब्बांचं ऑफिस आहे. कंटेनर कुठून आला, कुठे गेला, कधी गेला. दिवसभर हेच. मी विचारलं, “आणि नाही सोडला तर?” अब्बा म्हणाले, “तर मी नेरूळभर पेढे वाटतो.” त्यांना वाटतं, खर्च येणार नाही.

बुधवार, ८ जानेवारी

प्रकल्पासाठी करावे गाव ठरवलं होतं. खाडीत मासे धरणाऱ्यांमध्ये खरा मोठा कोण वगैरे. स्कूटी काढली, निघाले, आणि पुढे एक बटाट्यांचा ट्रक. ट्रकवर गोण्यांच्या ढिगावर एक मांजर बसलेली. चालत्या ट्रकवर! तिला उतरता येईल का, या काळजीने मी मागे मागे गेले आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पोचले. मांजर ट्रक थांबायच्या आधीच उडी मारून गेली. रोज येत असावी कामावर.

मी मात्र तिथेच अडकले. नऊ माणसं, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, पाठीवर पन्नास किलोची गोणी, आणि धावतात! चालत नाहीत, धावतात. मधे उभी राहिले तर एकजण ओरडला, “ताई, सरका! गोणीला ब्रेक नस्तो!” हा गोटीराम. हमालांच्या या टोळीचा मुकादम. म्हणजे कागदावरचा मोठा. बाजूला कांदे निवडत बसलेल्या मुक्ताबाईंनी मला एक उलटा क्रेट दिला. “बस हितं. काय पायजे तुला?”

“बघायचंय.”

“काय बगायचंय?”

“सत्ता.”

त्यांनी एक सडका कांदा माझ्या पायाशी टाकला. “बग मग.”

करावे रद्द.

गुरुवार, ९ जानेवारी

काल मी जिथे बसले तो गाळा राजवर्धनच्या घरचा निघाला! त्याचे पप्पा, बाजीराव शेठ, तिथले व्यापारी. राजवर्धन म्हणाला, “अगं, मला सांगायचंस, मी चहा पाठवला असता.” मी म्हटलं, मी संशोधन करतेय, चहा प्यायला नाही जात. तर आज अकरा वाजता चहा आला. बरोबर क्रीम रोल. काय माणूस आहे, मला काम करू देत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

सापडला! खरा मोठा सापडला!

गोटीराम नुसता ओरडतो. खरा राजा आहे भैरू अण्णा. वय साठीच्या आत-बाहेर, मिशा पांढऱ्या, टोळीतल्या सगळ्यांसारखे हेही साताऱ्याकडचे. पुरावे:

अण्णा ट्रकच्या तोंडाशी उभे राहतात, पण गोणी उचलत नाहीत. उचलायला वाकले की कुणीतरी त्यांच्या आधी पाठ घालतं. आज सहा वेळा झालं. एकदा तर दोघांची टक्कर झाली, कोण आधी वाकतो यावर.

पहिला चहा अण्णांना. पाणी अण्णांना. पंख्याखालची जागा अण्णांची.

मधेच अण्णा गोण्यांच्या थप्पीमागे जाऊन बसतात. टोळीतली माणसं एकेक करून तिकडे जातात, वाकून काहीतरी विचारतात, परत येतात. दरबार! मी कान लावला तर फक्त “बरं हाय का?” एवढं ऐकू आलं. राज्याची खुशाली विचारत असावेत.

जिभेखाली एक पांढरी बारीक गोळी ठेवतात. पेपरमिंट असेल. मी हात पुढे केला तर हसले, दिली नाही. राजे लोक कंजूस.

आज संक्रांत म्हणून मुक्ताबाईंनी तिळगूळ दिला. अण्णा म्हणाले, “पोरी, तू दिसभर काय ल्हितीस?” मी म्हटलं, “तुमचंच लिहिते.” अण्णा म्हणाले, “आमचं काय ल्हिन्यासारकं हाय?” आणि सगळी टोळी एकदम कामाला लागली. हुकूम न देता! मॅडमना वेड लागेल.

गुरुवार, १६ जानेवारी

आजचा शोध सगळ्यात भारी.

बाजीराव शेठ ऑफिसातून बाहेर आले की टोळीत कुणीतरी जोरात खोकतं. लगेच थप्पीमागून एक गोणी निघते आणि अण्णांच्या पाठीवर चढते. अण्णा ती घेऊन शेठसमोरून शांतपणे जातात. धावत नाहीत, चालतात. शेठ आत गेले की गोणी परत थप्पीमागे.

आणि ती गोणी रोज तीच! निळ्या सुतळीने शिवलेली. बाकी सगळ्यांची सुतळी तपकिरी.

याचा अर्थ काय? मी दोन उसाचे रस पिऊन विचार केला. ही मानाची गोणी आहे. राजदंड असतो तशी. परक्या माणसासमोर राजा आपली खूण मिरवतो. एरवी राजाने ओझं उचलायचं नसतं.

माझा सिद्धांत: ज्याच्यासाठी दुसरे वाकतात तो राजा. खाली दोन रेघा मारल्या. एक रेघ वाकडी आली, कारण तेवढ्यात मांजर परत आली.

शनिवार, १८ जानेवारी

गेले नाही. मैत्रिणीबरोबर नावड्याला एक जुनी सायकल बघायला गेलो होतो. सायकल घेतली नाही. तिथला कुत्रा मात्र फार छान होता.

मंगळवार, २१ जानेवारी

वर्गात मॅडमनी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली. मी पंधरा घेतली. दरबार, पेपरमिंट, खोकला, निळी सुतळी, सगळं नाचून दाखवलं. अण्णांची चाल करून दाखवली. वर्ग बाकांवर आडवा. राजवर्धन तर डोळे पुसत होता. “अगं, आमच्याच गाळ्यावर हे चालतं आणि आम्हाला पत्ता नाही!”

मॅडम हसल्या नाहीत. विचारलं, “तू त्यांना विचारलंस का, की ते गोणी का उचलत नाहीत?”

मी म्हटलं, “मॅडम, राजाला कोण विचारतं?”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच असणार.

घरी येताना सिग्नलला उभी असताना पण मी हसत होते. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “लॉटरी लागली काय?” म्हटलं, “शास्त्र सापडलं.” त्याने रिक्षा थोडी लांब घेतली.

गुरुवार, २३ जानेवारी

कसं लिहू.

सकाळी पोचले तर मार्केट नेहमीसारखं, आमच्या गाळ्यावर मात्र शांत. बाजीराव शेठ मधे उभे. समोर ती गोणी. शेठनी दोन बोटांनी सुतळीला धरलं आणि गोणी उचलली. दोन बोटांनी! खिशातल्या चावीने टोक फाडलं. आतून कांद्याची टरफलं. फरशीभर टरफलं उडाली, पंख्यामुळे वर गेली, एक माझ्या केसात अडकलं.

“ही मानाची गोणी काय?” शेठ म्हणाले. “पोरानं जेवताना सांगितलं. मी म्हटलं गंमत करतोय.”

अण्णा खाली बघत होते.

“सोमवारी भैरू माझ्यासमोर दहा गोण्या नेईल. भरलेल्या. नाय जमलं तर माथाडी मंडळाकडं अर्ज जाईल, काम न करता नाव लावलंय म्हणून.” मग माझ्याकडे वळले. “आणि तू, वही सांभाळ. पुरावा म्हणून लागेल.”

ते गेल्यावर मी मुक्ताबाईंना विचारलं, नक्की काय झालं. त्यांनी कांदा निवडता निवडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. “दिवाळीत छातीत कळ आली त्यास्नी. डाक्टर म्हनला, वजन उचलायचं न्हाय. जूनमदी साठ पुरी होत्यात, मंग सुटले. तवर मंडळात नाव ऱ्हायला पायजे. आदी कापलं तर पस्तीस वर्सांचा फंड पान्यात. म्हनून पोरं त्येंची गोनी व्हात्यात.”

“आणि ती गोळी...”

“छातीचीच ती. तुला काय वाटलं, चाकलेट?”

गोटीराम आला. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. “ताई, आता नका येऊ,” एवढंच म्हणाला, आणि झाडू घेऊन टरफलं गोळा करायला लागला.

वही तिथल्याच कचऱ्यात टाकावी असं वाटलं. टाकली पण. मग वाटलं, कुणी वाचली तर? परत काढली. आता तिला कांद्याचा वास येतोय.

शुक्रवार, २४ जानेवारी

राजवर्धनला कॅन्टीनमध्ये धरलं. “तू का सांगितलंस?”

“अगं, तू सांगितलंस ते मी सांगितलं! पप्पा हसतील असं वाटलं.”

“आणि हसले का?”

“आधी हसले.” मग तो समोसा कुस्करायला लागला. “मी त्यांना दोनदा म्हटलं, सोडून द्या. ते म्हणाले, धंदा तुला कळत नाही.”

मी त्याला खूप बोलले. बोलून झाल्यावर आठवलं, पंधरा मिनिटं नाचले होते ती मीच.

अब्बांना सांगितलं, नावं न घेता. त्यांनी चष्मा काढला. “काय गो, तुला एकदा पण वाटलं नाही की माणूस आजारी असेल?”

नाही वाटलं. खरंच नाही वाटलं. मी एवढी खूश होते.

सोमवार, २७ जानेवारी

आज सगळं लिहायचंय, मधे उठायचं नाही, फोन अम्मीकडे दिलाय.

गोटीरामने नको म्हटलं होतं, तरी गेले. ट्रक उभा. टोळी उभी. शेजारच्या गाळ्यांवरचे हमालही हात पुसत येऊन उभे. अण्णांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, घट्ट, लग्नाला निघाल्यासारखा. बाजीराव शेठ म्हणाले, “चल भैरू.”

अण्णा पुढे झाले. गोटीराम मधे आला. “शेट, टोळीत कुनी काय करायचं ते मुकादम ठरवतो. मी ठरवलंय, भैरू अण्णा आज थप्पी बगनार.”

“आज नव्हं रं, रोजच थप्पी बगतोय तो! मला साक्षीदार लागत नाय, हिच्या वहीत समदं तारीखवार हाय. आण गं वही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णा पण. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि अजून काहीच उचललं नव्हतं.

मी क्रेटवर चढले. का चढले माहीत नाही, वरून आवाज लांब जाईल असं वाटलं. म्हटलं, “देते शेठ. पण अर्जाला जोडायची तर आधी सगळ्यांसमोर वाचायला पाहिजे ना.” आणि वाचायला लागले, मोठ्याने, जे पान उघडेल ते.

“पान सहा. गोटीराम हा बिनखात्याचा मंत्री आहे. त्याचा आवाज काढून घेतला तर त्याच्याकडे काही उरणार नाही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. गोटीराम म्हणाला, “अगं ए!”

“पान आठ. मुक्ताबाई बहुतेक राजमाता. कांदे निवडणं हे सोंग आहे.”

“सोंग?” मुक्ताबाई म्हणाल्या. “ये, बस चार तास!”

“पान नऊ. इथे मांजरीचं चित्र आहे. तिला मी गुप्तहेर म्हटलंय. पान दहा, पेपरमिंट. राजाने दिलं नाही. पान अकरा. बाजीराव शेठ म्हणजे परदेशी वकील. येतात, घड्याळ बघतात, कपाळाला आठ्या घालतात, जातात. ते आले नाहीत तरी बटाटे उतरतात.”

आता सगळं मार्केट हसत होतं. शेजारचे हमाल एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शेठचे कान लाल. “पुढचं पान,” मी म्हटलं, “राजवर्धनचे कान पण त्याच्या पप्पांसारखे आहेत.” हे वाचायचं नव्हतं, पण आता थांबता येईना. “शेठ, मी याच्यावर सही करते. जोडा अर्जाला. मंडळात वाचतील, मांजरीच्या चित्रासकट.”

माझे डोळे भरून आले होते, पण मी हसतच होते, दोन्ही एकदम चाललं होतं.

शेठ म्हणाले, “वही राहू दे. भैरू, उचल.”

अण्णा वाकले. आणि तेवढ्यात राजवर्धन, तो कधी आला होता कुणास ठाऊक, मधे घुसला. “पप्पा, थांबा. अण्णांच्या दहा मी नेतो.” त्याने पाठ घातली. वरून गोणी आली. एक पाऊल. दोन पावलं. तिसरं पाऊल गोणीनेच टाकलं. राजवर्धन खाली, गोणी फुटली, बटाटे सगळीकडे. एक माझ्या क्रेटखाली, दोन शेठच्या बुटांवर.

अण्णा ओरडले, “अरं कमरेतनं न्हाय, गुडघ्यातनं! गुडघ्यातनं ऊट!”

झालं. सगळे त्याला शिकवायला लागले. मान अशी ठेव. श्वास धर. आदी पाय मंग पाठ. गोटीराम म्हणाला, “ह्येला चुंबळ बांदा आदी,” मुक्ताबाई म्हणाल्या, “ह्येला दूद पाजा आदी.” राजवर्धन परत उठला, परत वाकला, परत बसला.

“बाजूला हो!” बाजीराव शेठ म्हणाले. “लाज काढली घराण्याची.” त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, माझ्या! अस्तन्या वर सारल्या, ट्रकला पाठ लावली. “दे रं.” गोणी घेतली आणि गेले. धावत. थप्पीपर्यंत. टाकली पण नीट, ओळीत.

अण्णा हळूच म्हणाले, “बापाची चाल हाय.”

शेठ परत येताना धापा टाकत होते. टॉवेल कुणीतरी दिला, त्यांनी तोंड पुसलं. “तुमच्या बाबांसंगट पैली थप्पी लावली मी हितं,” अण्णा म्हणाले. “त्येंचा गुडघा गेला तवा त्येंची गोनी आमी व्हायचो.”

शेठनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. घालायला वेळ लागला, हात थरथरत होता. आपल्या हाताकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बटाटे गोळा करा. गाडी लवकर खाली करा, मागं दुसरी उभी हाय.” ऑफिसच्या दारात पोचल्यावर वळले. “आणि गोटीराम, सुतळी तपकिरी लाव. निळी लांबनं वळखू येती.”

मी क्रेटवरून उडी मारली ती सरळ बटाट्यावर. पडले. कुणी शिकवायला आलं नाही, सगळे हसत होते.

निघताना अण्णांनी थप्पीमागे बोलावलं. मी म्हटलं, “अण्णा, माफ करा.” ते म्हणाले, “मला राजा केलंस व्हय? बायकूला सांगतो. ती इस्वास ठेवनार न्हाय.” मग जरा थांबून, “पर पोरी, जूनपातूर कुटं ल्हिऊ नगंस.”

मी म्हटलं, “नाही लिहिणार.”

तिथे पटकन म्हटलं. कळलं स्कूटीवर बसल्यावर. शुक्रवारी एकतीस तारीख.

शुक्रवार, ३१ जानेवारी

चार दिवस दुसरी जागा शोधली. लायब्ररीतला शिपाई, सोसायटीचा वॉचमन, अम्मीची भिशी. एका ओळीपुढे काही जाईना. सगळ्यांकडे बघताना एकच वाटायचं, हा काय लपवत असेल, आणि कुणासाठी. मग लिहायची हिंमत होईना.

मॅडमच्या टेबलापाशी सगळ्यांनी फायली ठेवल्या. राजवर्धनची सत्तर पानांची, स्पायरल. मी एक कागद ठेवला. त्यावर: ‘मी जे सांगितलं ते सगळं चूक होतं. बरोबर काय ते जूननंतर देईन.’

मॅडमनी वाचलं. “जूनच का?”

“ते सांगितलं तर सगळंच सांगितल्यासारखं होईल.”

“तुला माहितीये ना, यावर मला शून्य द्यावं लागेल? शून्य म्हणजे तू कोर्समधून बाहेर.”

“हो, मॅडम.”

“तरी?”

“तरी.”

मॅडमनी माझा कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि गुणांचा तक्ता पुढे ओढला. माझं नाव शोधलं. मी श्वास धरला, आदी पाय मंग पाठ. त्यांनी शून्य नाही लिहिलं. लिहिलं, ‘गैरहजर’.

“गैरहजर विद्यार्थ्याला जुलैत परत पेपर देता येतो,” त्या तक्त्याकडे बघत म्हणाल्या. “आज तू आली नव्हतीस. कळलं?”

“मी आले नव्हते,” मी म्हटलं, त्यांच्यापासून एका हातावर उभी राहून. “थँक्यू, मॅडम.”

“मी कुणाशी बोलत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “दार लावून घे.”

जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरले. घरी अब्बा दारातच. “काय झालं? पास?”

“गैरहजर!”

“म्हणजे कॉलेजला गेलीच नाहीस?”

“गेले ना. पहिल्या बाकावर होते.”

अब्बांनी अम्मीकडे बघितलं, अम्मीने छताकडे. “म्हणजे कोर्स सुटला की नाही?” अब्बांनी विचारलं. “मी पेढे आणू की तुला द्रोणागिरीला नेऊ? एक काय ते सांग.”

मी म्हटलं, “अर्धा किलो आणा.”

ते खरंच गेलेत आणायला. पायात एक चप्पल माझी, एक त्यांची.